सिंधुबाईनं न भरलेला हात

लातूरकडच्या मुरुडच्या बाजारात कुणाही बाईला विचारा, सिंधुबाई कासार कुठं बसते, तर ती आधी आपलं मनगट चोळते आणि मग बोट दाखवते. चाळीस वर्षांत सिंधुबाईनं अर्ध्या तालुक्याच्या बायकांचे हात दाबलेत, पिळलेत, साबणात बुडवलेत आणि त्यांत काचेच्या बांगड्या चढवल्यात. वय एकसष्ट. उंची बेताची, आवाज मात्र बिलकुल बेताचा नाही. बसल्या जागेवरून बोलली तरी समोरच्या भांड्याच्या दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघतं.

हात धरला की मला बाई कळते, असं ती सांगते, आणि त्यात फेकाफेक नाही. सोळा-सतराच्या पोरीचा हात भिजवलेल्या कणकेवानी, कसाही वळवा. पहिल्या बाळंतपणानंतर हात एक माप वाढतो तो वाढतोच. तिशीत तळव्याला घट्टे पडतात. चाळिशी उलटली की पेरं जाड होतात. पंचेचाळीसच्या पुढं काहींच्या तळव्याला भर थंडीत घाम फुटतो, आणि मग त्या मान खाली घालून विचारतात, "मावशी, तुमची पाळी कितव्या वर्षी गेली हो?" हात दुसरीच्या हातात असला की बाई बोलतेच. एकीला झोप लागत नाही, एकीला भाकरी थापता थापता उगाच रडू येतं, एकीला वाटतं विहिरीकडं जावं आणि परत येऊच नये. सिंधुबाई हूं हूं करते, दोन शिव्या त्या बाईच्या नशिबाला घालते, दोन नवऱ्याला घालते आणि बांगडी पुढं सरकवते. ऐकलेलं मात्र पोटात ठेवते. तो तिच्या धंद्याचा नेम.

आणि एक तिचा गर्व. कठीण हाताला सिंधुबाईच पाहिजे, अशी तिची ख्याती. जिथं दुसरी कासारीण मोठ्या मापाची बांगडी काढते, तिथं ही साबणाचा फेस करते, अंगठ्याचं मूळ दाबून हात निमुळता करते, अगदीच अडलं तर पातळ प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून तिच्यावरून बांगडी घसरवते. "आजवर एक हात मोकळा गेला न्हाई माझ्याकडून," हे ती चहा पिताना सांगते, पान खाताना सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. गर्वाचं घर खाली म्हणतात, पण चाळीस वर्षं हिचं घर वरच होतं.

तर त्या दिवशी अमृतरावांच्या घरी बांगड्या भरायचा कार्यक्रम होता. अमृतराव म्हणजे मुरुडचे अडत दुकानदार, सोयाबीन-तुरीचा व्यापार, लिंगायतांतलं नाव असलेलं घर. वय पंचावन्न, अंगानं भरलेले, कपाळावर भस्माच्या तीन रेघा, आणि शब्द खाली पडू न देणारे. त्यांची धाकटी लेक शिवानी नऊ दिवसांनी लग्न होऊन नांदेडला जाणार होती. जानेवारी सरत आलेला, हवेत गारवा, अंगणात सतरंज्या, तीसेक बायका, आणि मधोमध सिंधुबाई हिरव्या बांगड्यांचे डबे उघडून बसलेली. तिला असला दिवस म्हणजे पर्वणी. सकाळपासून तिचा पाय जमिनीला लागत नव्हता.

शिवानीचा हात पहिला. सरसर बांगड्या चढल्या. "नांदेडच्या सासूला सांग, मोजून घ्या म्हणावं, एक बी कमी न्हाई," सिंधुबाई म्हणाली आणि पोरी खिदळल्या. मग चुलत्या, मावश्या, आत्या. हात येत होते, भरत होते, जात होते. राहिली नवरीची आई, उमाबाई. वय अठ्ठेचाळीस, गोरी, शांत, गळ्यात चांदीच्या करंडीत इष्टलिंग. ती तीनदा बसायला आली आणि तीनदा काहीतरी निमित्त काढून आत गेली. चौथ्यांदा बायकांनी तिला खांद्याला धरून बसवलीच.

"मावशी," उमाबाई वाकून कुजबुजली, "आत खोलीत भरता का?"

सिंधुबाईला ह्यात नवल वाटलं नाही. तीन वर्षांपासून ती उमाबाईच्या बांगड्या आतल्या खोलीत, दार लोटून भरत होती. आधी दोन-सहाचं माप जायचं. मग दोन-आठ लागलं. मग दोन-आठला साबण लागला आणि मागच्या नागपंचमीला पिशवी लागली. सिंधुबाई ते स्वतःच्या कसबाचं प्रकरण समजून घरी जाऊन नवऱ्याला रंगवून सांगायची.

"आत कशाला, नवरीच्या आईचा चुडा सगळ्यांनी बघायचा," एक आत्या म्हणाली. झालं, हात पुढं आला.

सिंधुबाईनं तो धरला. गरम होता. बोटांच्या मुळाशी चारी गाठी फुगलेल्या, दुसऱ्या हाताच्याही तशाच. तिनं साबण लावला, अंगठा आत दाबला, बांगडी गाठींपर्यंत आणली आणि नेहमीसारखी म्हणाली, "झालं, झालं, एवढी गाठ उतरली की सुटलो."

उमाबाईच्या तोंडून आवाज आला नाही. डोळ्यांतून पाणी मात्र टपटप मांडीवर पडलं. भोवती हसणं-बोलणं चालू होतं, कुणाच्या ध्यानात आलं नाही. सिंधुबाईच्या आलं, कारण पाण्याचा एक थेंब तिच्याच मनगटावर पडला. आणि तिला आपलंच वाक्य ऐकू आलं. हे वाक्य ती तीन वर्षं ह्या बाईला म्हणत आली होती. दरवेळी, दार लोटून.

"सकाळी कसे असतात हात?" तिनं हळूच विचारलं. तिचा हळू आवाज ऐकून उमाबाईच दचकली.

"सकाळी बोटं मिटत न्हाईत, मावशी. आमची पूजा म्हणजे लिंग डाव्या तळव्यावर घेऊन बसायचं. तळवाच धरत न्हाई. घसरून पडंल म्हणून जीव घाबरा होतो. तास-दीड तास उन्हात हात धरून बसते, मग पूजा. घरच्यांना वाटतंय, मी उशिरा उठते."

सिंधुबाईला आपली आई आठवली. तिची आईसुद्धा बांगड्याच भरायची. तिचीही बोटं अशीच सकाळी आखडायची, आणि घरचे म्हणायचे, वय झालं, बायकांचं असतंय. वय किती, तर बेचाळीस. पन्नाशीपर्यंत बोटं एका बाजूला वाकली ती वाकलीच. शेवटची अकरा वर्षं सिंधुबाईनं आईला घास भरवला होता. तसाच हात आज तिच्या हातात होता, आणि ती त्याला साबण लावून बसली होती. तिला स्वतःचा असा राग आला की कान तापले.

तिनं बांगडी उलटी ओढून काढली, पुसली, डब्यात ठेवली आणि डब्याचं झाकण लावलं.

"हा हात मी भरणार न्हाई," ती तिच्या मूळच्या आवाजात म्हणाली.

नवरीच्या आईचा हात मोकळा ठेवायचा, लग्नाच्या तोंडावर. एका आत्यानं तोंडावर पदर घेतला. दुसरी म्हणाली, सिंधुबाईला भोवळ आली का बघा. ओसरीवर आहेराची यादी करत बसलेले अमृतराव उठून आले.

"काय झालं सिंधुबाई? माप न्हाई का? लातूरहून मागवू."

"माप हाय, अप्पा. हाताला आजार हाय. दवाखान्यात दाखवा, मग बांगड्यांचं बघू."

"आजार कसला? पन्नाशी आली. बायकांचं असतंय असलं, अंग दुखतं, चिडचिड होते. आमची आई बी असंच करायची."

"जाऊ द्या मावशी," उमाबाई म्हणाली, "वयच हाय ते."

हे ऐकून सिंधुबाईचं डोकं फिरलं. तिनं आपला उजवा हात अमृतरावांच्या समोर धरला आणि मूठ आवळली. "माझं वय एकसष्ट, अप्पा. माझी मूठ बघा. माझे बी गुडघे दुखतात, पण चालल्यावर दुखतात, निजलं की थांबतात. ह्यांचं उलटं हाय. रातभर निजून उठलं की जास्त. वयाचं दुखणं असं नसतंय. मी हजार म्हाताऱ्या बायकांचे हात धरलेत. हे वेगळं हाय, आणि मी मूरख, तीन वर्षं ह्याच्यावर साबण चोळला."

अमृतराव तिला बाजूला घेऊन गेले. आवाज उतरवून म्हणाले, "समजून घ्या. नऊ दिवसांवर लगीन. नांदेडला कळलं की आईला वाताचा रोग हाय, तर म्हणतील पोरीत बी उतरंल. लगीन झालं की मी स्वतः नेतो."

"लगीन झालं की दिवाळसण, दिवाळसण झाला की बाळंतपण, मग बारसं. माझ्या आईला असंच नेणार होते. तेवढ्यात तिची बोटं वाकून मोकळी झाली."

अमृतरावांच्या मागं शिवानी येऊन उभी होती, कोपरापर्यंत हिरवीगार. ती म्हणाली, "अप्पा, उद्या लातूरला गंजगोलाईत आहेराच्या साड्या घ्यायला जायचंच हाय ना? आईला बी घ्या गाडीत. मी बी येते. मावशी बी येतील." पोरगी बापापेक्षा हुशार निघाली.

"बरं," अमृतराव शेवटी म्हणाले, "पण बिलकुल खामोश. कुणाला कळता कामा नये." तीस बायकांनी ऐकलेली गोष्ट कुणाला कळू द्यायची नाही, असा हुकूम पुरुषमाणूसच देऊ जाणे.

सिंधुबाईला रात्रभर झोप नाही. सकाळी सहालाच ती लुगडं नेसून, डोक्याला तेल लावून दारात. नवऱ्याला म्हणाली, लातूरला चालले, आज मोठं काम हाय. चाळीस वर्षांत बांगड्यांचा डबा न घेता ती पहिल्यांदाच घराबाहेर पडत होती. गाडीत तिचं तोंड एक मिनिट बंद नव्हतं. उमाबाई खिडकीकडं तोंड करून, हात पदरात लपवून बसलेली.

लातूरच्या सरकारी दवाखान्यात ही गर्दी. डॉक्टरीणबाई तरुण, चष्मेवाली, घाईत. तिनं उमाबाईची एकेक गाठ अंगठ्यानं दाबली, मनगटं दाबली, पायांची बोटं दाबली. "किती दिवसांपासून?"

"थोडं थोडं," उमाबाई म्हणाली. "झाले असतील चार-सहा महिने."

सिंधुबाई मागं उभी होती. तिचा नेम काय, तर हातातलं बाहेर सांगायचं नाही. चाळीस वर्षं पाळलेला नेम तिनं तिथं, त्या लाकडी स्टुलापाशी मोडला.

"खोटं बोलतात, बाई. तीन वर्षं. तीन वर्षांमागं संक्रांतीला दोन-सहाची बांगडी सहज गेली. त्याच साली पोळ्याला दोन-सहा अडकली, दोन-आठ घातली. पुढल्या संक्रांतीला दोन-आठला साबण लागला. तवापासून दोन्ही हात एकसारखे फुगलेले, आधी उजवा आणि मग डावा असं न्हाई, दोन्ही संगंच. ह्या नागपंचमीला पिशवी लावली. काल गाठी गरम होत्या."

डॉक्टरीणबाईनं पेन थांबवला आणि चष्म्यातून वर पाहिलं. "तुम्ही कोण?"

"कासारीण. बांगड्या भरते."

"परत सांगा. हळू सांगा, मी लिहून घेते."

आणि तिनं खरंच लिहून घेतलं. दोन-सहा, दोन-आठ, साबण, पिशवी, सगळं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचं बोलणं डॉक्टर कागदावर उतरवून घेत होती. असा मान तिला कुठल्या लग्नात मिळाला नव्हता.

रक्त काढलं, हातांचे फोटो काढले. दुपारी फोटो उजेडावर धरून डॉक्टरीणबाई बोलली, आणि सोपं करून बोलली. हा संधिवाताचा एक प्रकार. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं. पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीनं होतो, आणि बहुतेक वेळा ह्याच वयात, तिशी ते साठीच्या मधे. "म्हणूनच चुकतं," ती म्हणाली. "त्याच वयात पाळी जायची असते, सगळं त्याच खात्यावर ढकलतात. पण तुमची हाडं अजून झिजलेली नाहीत. गोळ्या सुरू करू. काही रोज, एक आठवड्यातून फक्त एकदा, ती न चुकता आणि जास्त नाही. वर्षानुवर्षं घ्याव्या लागतील, पण बोटं वाकू द्यायची नाहीत."

"पोरीला होईल का?" उमाबाईनं विचारलं. तीन वर्षं गप्प बसायचं कारण हेच होतं, ते सिंधुबाईला तेव्हा कळलं.

"धोका थोडा जास्त असतो, होईलच असं नाही. झाला तरी लवकर ओळखला की इलाज आहे." मग डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवला. "आणि मनाला कसं वाटतं?"

कुणी तिला हे विचारेल, असं उमाबाईला वाटलंच नव्हतं. ती आधी शिवानीकडं बघून म्हणाली, चांगलं वाटतं. मग म्हणाली, "घरात लगीन हाय, आणि मला आनंदच होत न्हाई. कशानंच होत न्हाई. रातीचा डोळा बी लागत न्हाई. मला वाटलं माझं काळीज दगडाचं झालं." असं म्हणून ती जी रडू लागली, ती लेकीच्या खांद्यावर डोकं टेकूनच थांबली. रोजच्या दुखण्यानं मन असं बसतं, डॉक्टरीणबाई म्हणाली, आणि दुखणं उतरलं तरी मन उठलं नाही तर मला सांगायचं, लपवायचं नाही. सिंधुबाईनं उमाबाईच्या पाठीवर हात ठेवला आणि सरळ म्हणाली, "माझी चूक झाली बाई. माझ्या शेखीपायी तुम्ही सोसलं."

बाहेर अमृतरावांचा वेगळाच तमाशा. ओसरीत एक नर्स टेबल टाकून तिशीपुढच्या येईल त्याची बीपी बघत होती. "घ्या आमची बी, लोखंड हाय लोखंड," म्हणत अमृतराव खुर्चीत बसले. नर्सनं पट्टा दोनदा बांधला, दोनदा सोडला. एकशे नव्वद. ती गोड आवाजात विचारू लागली, काका, झोप लागते का, कशात मन लागतं का. अमृतराव आधी हसले. मग हसायचे थांबले. दारातून सिंधुबाई बघत होती. एवढा मोठा माणूस शर्टाची बाही खाली ओढता ओढता म्हणाला, "दोन वर्षं झाली. रात्री तीनला डोळा उघडतो, आणि मग उजाडेस्तोवर छताकडं बघत राहतो." नर्सनं चिठ्ठी लिहिली. एक बीपीच्या डॉक्टरची, एक मनाच्या डॉक्टरची. दुसरी चिठ्ठी पाहून अमृतराव ताडकन उठले. "मला येड्यात काढता का?"

त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या खिशात कोंबल्या, सिंधुबाईला बघितलं आणि जवळ येऊन म्हणाले, "हे घरात बोलायचं न्हाई." सिंधुबाईला हसावं का रडावं कळेना. बायकांच्या तोंडून चाळीस वर्षं ऐकलेलं वाक्य आज पहिल्यांदा एका पुरुषानं म्हटलं होतं.

पुढचे आठ दिवस सिंधुबाईचा धंदा बसला. रोज सकाळी ती अमृतरावांच्या घरी, उमाबाईचा हात हातात. पहिले दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी गाठी गार लागल्या. पाचव्या दिवशी उमाबाई सहा वाजता पूजेला बसली, आणि ते बघायला सिंधुबाई भल्या पहाटे थंडीत शेजारच्या ओट्यावर बसून होती, हे मुरुडात सगळ्यांना ठाऊक आहे. बोटं पुरती मिटत नव्हती, पण तळवा सपाट झाला होता. लिंग हलत नव्हतं. सिंधुबाई बाजारात जाऊन ज्याला त्याला सांगत सुटली. खामोशीचं काय झालं, ते विचारूच नका.

नांदेडचं मंगल कार्यालय. मुहूर्त साडेबाराचा, म्हणजे एक वाजला तरी चालंल असा. उमाबाई जांभळ्या इरकलीत, केसांत गजरा, आणि दोन्ही मनगटं कोरी. डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं, सूज उतरेपर्यंत काही चढवायचं नाही. नातेवाइकांनी उपाय सुचवले होते. पेच फिरवून उघडतात त्या पाटल्या घाल, पदर ओढून घे, निदान प्लास्टिकची बांगडी कापून चिकटवून घे. उमाबाईनं सगळ्यांना नाही म्हटलं. सिंधुबाईला कळेना, ही बाई एवढी कधी बदलली.

वराकडच्या एका म्हाताऱ्या आजीनं ते पाहिलंच. "विहिणीचे हात मोकळे? आणि आज?" सनई थांबली नव्हती, तरी ती भरल्या मांडवात ऐकू गेली.

वराची आई पुनमताई पुढं आली. रेल्वेच्या ऑफिसात तीस वर्षं नोकरी केलेली, बोलायला सडेतोड बाई. "उमाताई, मुरुडहून उडत उडत कानावर आलंय. आता तोंडावर विचारते, वाईट वाटून घेऊ नका. काय आजार आहे? आणि शिवानीत तो येणार आहे का?"

मांडवात बाया जमल्या. पुरुषही वळले. हे आपण केलं, असं सिंधुबाईला वाटलं. एक बांगडी गुपचूप चढवली असती, तर पोरीचं लगीन धड लागलं असतं.

उमाबाईनं हात लपवले नाहीत. "संधिवात हाय. इलाज चालू हाय. पोरीला होईलच असं न्हाई, पण होणार न्हाई असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत न्हाई. तीन वर्षं मी हे झाकलं, तुमच्यापासून बी झाकलं. आता झाकणार न्हाई."

पुनमताई शिवानीकडं बघत होती, शिवानी जमिनीकडं. तेवढ्यात गर्दीतून अमृतराव आले. फेटा, उपरणं, कपाळावर भस्म. सिंधुबाईला वाटलं, आता हे माफी मागतील, नाहीतर सगळा घोळ कासारणीवर ढकलतील.

ते बायकोच्या शेजारी उभे राहिले. "पुनमताई, मोजायचंच असंल तर आईचं एकटीचं मोजू नका. बापाचं बी लिहून घ्या. मला बीपी हाय, एकशे नव्वद. आणि दोन वर्षं मला झोप न्हाई, मन कशात लागत न्हाई, दुकानात बसून रडू येतं. कुणाला सांगितलं न्हाई. बापईमाणूस रडत नसतो म्हणत्यात. परवा गुरुवारी मी गुपचूप मनाच्या डॉक्टराकडं जाऊन आलो. गोळ्या चालू हाईत, खिशात हाईत. हिचं दुखणं बायकांचं म्हणून मी उडवून लावलं, आणि माझं बापयाचं म्हणून दाबलं. पोरीला आमचं काय काय उतरतं, ते देव जाणे. पण आजपासून आमच्या घरात कुणी काही लपवत न्हाई, एवढं तुम्हाला सांगतो."

उमाबाई त्यांच्याकडं बघत राहिली. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं. दोन वर्षं एका खोलीत दोन माणसं जागी होती, आणि दोघांनाही वाटत होतं की दुसरं झोपलंय.

पुनमताईनं आपल्या नवऱ्याकडं एकदा पाहिलं. बरंच काही होतं त्या पाहण्यात. मग ती म्हणाली, "आमच्या घरचं मोजायला बसलं, तर मुहूर्त टळून जाईल. चला, अक्षता वाटा."

मांडवातून एकदम हसू फुटलं. कुणीतरी वाजंत्र्यांना हाक मारली. अंतरपाट धरला, जंगमस्वामींनी मंत्र सुरू केले. उमाबाईच्या ओंजळीत कुणीतरी तांदूळ ठेवले. सिंधुबाई तिच्या मागं उभी होती, आणि तिला दुसरं काही दिसत नव्हतं, ना नवरा ना नवरी. त्या उजव्या हाताची बोटं तांदळाभोवती हळूहळू आत येत होती, थांबत होती, परत येत होती. करंगळी शेवटी आली. मूठ मिटली, पुरती. सिंधुबाईला हुंदका आवरला नाही. शेजारच्या बाईनं विचारलं, "तुम्ही नवरीच्या कोण?" तर तिनं त्या मिटलेल्या मुठीकडं बोट दाखवलं. उमाबाईनं हात वर नेला आणि अक्षता टाकल्या, आणि मग दुसरी मूठ भरली.